लिंबाच्या कुंडीतला चोथा

“झाड उपाशी ठेवलेलं परवडलं, पण त्याला कच्चं खत घालू नये,” असं कुसाबाई एकदा म्हणाल्या होत्या. पेठकडून नाशकात आल्यापासून अकरा वर्षं त्या गंगापूर रोडवरच्या गच्च्यांतल्या कुंड्या सांभाळत होत्या.

त्या सकाळी सुनेत्रा देवरेंच्या गच्चीवरच्या लिंबाने मान टाकली होती. झाड सुनेत्राबाईंच्या आईच्या हातचं होतं, आणि आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“काय घातलंत याला? खरं सांगा, नाहीतर या बिल्डिंगमधलं तुमचं काम संपलंच समजा,” सुनेत्राबाई कुसाबाईंना म्हणाल्या.

“शेणखत, ताई. वर्षभर कुजवलेलं. दुसरं काय नाय.”

द्राक्षांची वाइन बनवणाऱ्या वायनरीत नोकरीला असलेले सुनेत्राबाईंचे यजमान देवरेसाहेब दारात चहा पीत उभे होते. “अगं, यांना काय कळतं खतातलं!” ते हसून म्हणाले.

कुसाबाईंनी खुरप्याने कुंडी उकरली. आतली माती हाताला चटका देण्याइतकी तापली होती. ढेकळाखाली द्राक्षाचा ताजा, ओला चोथा निघाला. साहेबांचं हसू मावळलं.

कुसाबाईंनी जळलेली मुळं छाटली, झाड नव्या मातीत बसवलं, आणि चोथ्याचा ढीग वर्तमानपत्रावर नवराबायकोच्या मधोमध ठेवला. तोच आंबूस वास सुनेत्राबाईंना रोज नवऱ्याच्या शर्टाला येत होता.

“अहो, हे तुम्ही…?” त्या म्हणाल्या. मग घाईने वळल्या. “कुसाबाई, थांबा जरा.”

कुसाबाईंनी हात धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि त्या जिना उतरू लागल्या.