दाजींची ट्यूबची बॅग

गणपती उठून दोनच दिवस झाले होते. मुरबाडच्या बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. सकाळी शटर वर करतो न करतो तोच शेजारच्या दुकानातल्या फोनवर किन्हवलीहून निरोप आला... दाजी गेले. वाशिंदच्या कंपनीत पहिल्या पाळीला निघाले होते, गाडीला किक मारली, छाती धरून ओट्यावर बसले, ते बसलेच. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. नाव बाळाराम, पण मी त्यांना दाजींशिवाय कधी हाक मारली नाही आणि त्यांनी मला 'टेलर'शिवाय. मी पोचलो तेव्हा त्यांची राजदूत मोटरसायकल ओट्याशी तशीच उभी होती. माणूस असा न सांगता जातो का हो? आदल्याच आठवड्यात दुकानात येऊन माझ्याशी भांडून गेले होते. दसऱ्याला नागपूर गाठायचं होतं, बॅगेचा पट्टा बदलून हवा होता, आणि मी म्हणे चालढकल करत होतो.

नागपूरचं सांगायला हवं. नव्वद सालानंतर कधीतरी दाजींनी ही राजदूत घेतली आणि तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं ते मोटरसायकलनेच, असं त्यांनी ठरवून टाकलं. मागच्या सीटवर ताई, पाठोपाठ माझ्या गाडीवर मी. रेल्वेने आरामात जाता येतं, हे मी दरवर्षी सांगायचो. दाजी म्हणायचे, रेल्वेत तुझ्या ताईच्या गप्पा सगळा डबा ऐकतो, गाडीवर त्या फक्त माझ्या असतात. जालन्याला नातेवाइकांकडे मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी नागपूर. सगळं छान, पण त्या दिवसांत परतीचा पाऊस आमच्या वाटेवर दबा धरून बसलेला. उंबरमाळी आली की आभाळ काळं व्हायचं आणि कसारा घाटात तो आम्हाला धुऊन काढायचा. दीक्षाभूमीवर पांढरी साडी नेसून हात जोडायचे, हे ताईचं लहानपणापासूनचं स्वप्न. पहिल्या वर्षी तिची साडी गाठोड्यात भिजून चिंब झाली, वर ताईच्या लाल चादरीचा रंग तिला लागला. गुलाबी साडीत उभी राहिली बिचारी. परत येताना तिने दाजींना स्पष्ट सांगितलं, "पुढच्या वर्षी साडी कोरडी पोचणार असंल तर सांगा. नायतर तुमी जा, मी येत नाय."

झालं, दाजींची झोप उडाली. ताईशिवाय नागपूर म्हणजे त्यांना जेवणात मीठच नाही असं. वर्षभर विचार करून त्यांनी काय शोधून काढलं असेल? इरलं. भातलावणीला बायका पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. पाऊस त्याच्यावरून निथळून जातो, दिवसभर वाकलेल्या बाईची पाठ कोरडी राहते, मग कॅरिअरवरचं गाठोडं का नाही राहणार, असा त्यांचा बिनतोड सवाल. शेतात बाई एका जागी उभी असते आणि तुमची गाडी पळते, हे कोणी सांगितलं तर ऐकतील ते दाजी कसले. कसारा घाटात वारा इरल्यात शिरला, सुतळ्या तुटल्या आणि ते इरलं माझ्या डोक्यावरून उडत थेट दरीत गेलं. मागून येणारा ट्रकवाला गाडी थांबवून हसत बसला. साडी त्या वर्षीही भिजली. ताईने दाजींना आणखी एक संधी दिली, शेवटची म्हणून.

मग कल्याणच्या दुकानांची पाळी आली. मी बरोबर होतो, लाज वाटून पुरेवाट झाली. दुकानदार रेक्झिनची बॅग पुढे करून वॉटरप्रूफ म्हणाला की दाजी विचारायचे, बादलीभर पाणी मिळेल का. एकाने तर आम्हाला बाहेरच काढलं. अखेर त्यांनी रेनकोटचं कापड आणलं आणि माझ्यापुढे टाकलं, शिव. मी जीव ओतून शिवली बॅग, दुहेरी टीप मारून. पण घरी त्यांची परीक्षा ठरलेली होती. बॅगेत कुरमुरे भरायचे, तोंड बांधायचं, विहिरीवरच्या पंपाखाली ठेवायची आणि चहा पिऊन यायचं. मग सगळ्यांनी कुरमुरे खाऊन बघायचे. माझ्या बॅगेतले मधले कुरमुरे कुडुमकुडुम वाजले, कडेचे मात्र लिबलिबीत. सुई जिथे जिथे गेली होती तिथून पाणी आत आलं होतं, माझ्या टिपेच्या सरळ रेषेत. दाजी म्हणाले, "टेलर, टीप सुंदर हाय रे. पावसाला वाट दाखवलीस." हे वाक्य त्यांनी पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला पाहुण्यांना ऐकवलं. कापड त्यांनी आणलं, पण नाव माझं खराब. आजही मला ते पटलेलं नाही.

शेवटी शहापूरला हायवेवर पंक्चर काढणाऱ्याकडे त्यांना ट्रकची जुनी ट्यूब मिळाली. हवा धरते ती पाणीही धरेल, एवढं सरळ. ती आडवी कापून एक तोंड त्याच्याकडून गरम करून चिकटवून घेतलं, दुसरं तीन घड्या घालून पट्ट्याने आवळायचं. कुरमुरे पास झाले. घाटात पावसाने झोडपून काढलं तरी दाजी गाणी म्हणत होते. नागपूरला साडी काढली, कोरडीठाक होती... आणि तिच्यावर रबराचे काळे पट्टे. मी हसू दाबायला पाठ फिरवली. ताई मात्र ती पट्ट्यांची साडी झटकून नेसली आणि म्हणाली, कोरडी आहे ना, मग झालं. पुढच्या वर्षी मी आतून जुन्या धोतराचं अस्तर लावून दिलं, ट्यूबला एकही टाका न घालता. साडीची घडी मोडू नये म्हणून दाजी ती पाइपच्या तुकड्यावर गुंडाळून आत सरकवायचे. त्यानंतरच्या सगळ्या दसऱ्यांना ताई तिथे बगळ्यासारखी पांढरीशुभ्र उभी राहिली आणि दाजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्याइतका खूश माणूस मी त्या गर्दीत दुसरा पाहिला नाही.

यंदा मी धरून चाललो होतो की जायचं नाही. ताईने मला बोलावून घेतलं आणि राजदूतची चावी हातात ठेवली. रेल्वेची गोष्ट काढली तर म्हणाली, नाय. मी पट्टा बदलून दिला, बॅग तिने स्वतः भरली. वाटेत ती फारसं बोलली नाही, मीच वेड्यासारखा बडबडत राहिलो. घाटात पाऊस आला तो पार नाशिकपर्यंत, आणि नागपुरात शिरतानाही पुन्हा झोडपलं. दीक्षाभूमीजवळ आडोसा बघून मी बॅग तिच्यापुढे ठेवली आणि साडी बदलायला सांगून पाठ करून उभा राहिलो. बराच वेळ झाला म्हणून वळलो, तर ताई भिजलेल्या साडीतच उभी. हातात पाइपवरून सोडवलेला दाजींचा पांढरा शर्ट.

"तुझी साडी कुठंय गो?" मी विचारलं.

"आनली नाय. बॅगेत एकाचंच मावतं." ती शर्टाची बाही सरळ करत होती. "इतकी वर्षं माझी साडी आत, आन हे वल्या शर्टात उभे. थंडी वाजते का, म्हनून इचारलं तर हसायचे. एकदा तरी ह्यांना कोरडं आनायचं होतं रे."

कुरमुरे, इरलं, माझी टीप, सगळ्यांवर आम्ही वर्षानुवर्षं हसलो, पण दाजींच्या अंगावरून निथळणारं पाणी कोणाच्याच डोळ्यांत भरलं नव्हतं. मी शर्टाला हात लावून पाहिला. कोरडा होता, इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. ताईने तो छातीशी धरला आणि ओल्या साडीत कुडकुडत रांगेत पुढे सरकू लागली. तिच्या तोंडावर हसू होतं. रडत होतो तो मीच.