वाचता येईल असं खोडायचं

तुम्ही छातीठोकपणे सांगितलेला शेवटचा आकडा आठवा. त्यातलं तुम्ही स्वतः किती मोजलं होतं?

हा प्रश्न मला पास्कल अंकलनी विचारला, शारजात, अल मजाजमधल्या आमच्या इमारतीखालच्या वाणसामानाच्या दुकानात. सुट्टी नाणी हातात पडली की हा माणूस काउंटरवरून हलायचा नाही. दिरहमची दोन नाणी शेजारी ठेवायची, मोबाईलचा टॉर्च आडवा धरायचा आणि नाण्यावरच्या कॉफीच्या सुरईची चोच न्याहाळत बसायचं. मागे रांग. मलबारी दुकानदार ओरडायचा, “अंकल, यल्ला! असली है, मैंने नहीं बनाया!” अंकल मान वर न करता म्हणायचे, “बनानेवाले को ही देख रहा हूँ, हबीबी.”

त्या दिवशी मी रांगेतच फोनवर कुणाला तरी सुनावत होते, “या इमारतीत हजारो मराठी माणसं आहेत, एकाला काही पडलेली नाही!” अंकल वळले. “हजारो? तू किती मोजलीस, बाय?”

मी मोजली होती सहा. त्यातली एक मी.

माझा दोष नाही, संस्कार. माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं काढायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. पत्रकात माणसं नेहमी ‘हजारोंच्या संख्येने’ येतात आणि अन्याय नेहमी ‘आजवरचा सर्वात मोठा’ असतो. बाबांची बाजू खरी होती, आजही मी त्याच बाजूला आहे. पण बाजू खरी असली म्हणजे आकडा खरा होत नाही, हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगितलं वसईच्या पास्कल तुस्कानो नावाच्या डायमेकरनं.

अंकल इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये पोलादी ठसे कोरायचे. शाळांची पदकं, कंपन्यांचे बिल्ले, कीचेन. आणि रविवारी मिस्सा आटोपून आले की काळ्या समुद्राकाठच्या एका जुन्या ग्रीक शहराची सोन्याची नाणी अभ्यासायचे. नाणी म्हणजे फोटो. संग्रहालयांच्या आणि लिलावांच्या वेबसाइटवरून छापून घेतलेले, पुठ्ठ्यावर चिकटवलेले. एका बाजूला दाढीवाला चेहरा, दुसऱ्या बाजूला पंखांचा सिंह. एकाही खऱ्या नाण्याला त्यांनी आयुष्यात बोट लावलं नव्हतं.

त्या शहरानं अशी नाणी पाडली तरी किती? टांकसाळीची वही उरलेली नाही. उरलीत नाणी, आणि प्रत्येक नाण्यावर ते ज्या ठशानं पाडलं त्याच्या खुणा. ठसे हातानं कोरलेले, त्यामुळे दोन ठशांतली दाढी सारखी नसते. अंकल ठशाला ‘डाय’ म्हणायचे. समजावायचे ते असं: “दहा नाणी बघितली नि दहाही वेगवेगळ्या डायची निघाली, तर समज, आपण दारातच उभे आहोत, घर अजून बघायचंय. दहा नाणी नि डाय दोनच, तर घर बहुतेक बघून झालं. म्हणून पहिला प्रश्न काय? एकदाच दिसलेले किती?”

खालचा ठसा ऐरणीत बसलेला, वरचा हातात धरलेला. हातोडा वरच्यावर पडतो, म्हणून तो आधी फुटतो. “ज्याच्या डोक्यावर घाव, तो आधी जातो,” अंकल म्हणायचे. मी लगेच त्यात कामगारवर्ग पाहिला. ते हसले. “तुझ्या पत्रकात घाल. पण खाली लिही, हे पोलादाबद्दल आहे.”

मोतीबिंदूनं त्यांना स्क्रीन धूसर दिसायला लागली, तेव्हा फोटो जुळवायचं काम मी घेतलं. एकाच ठशाची दोन नाणी सापडली की मी ओरडायचे. जोड्या वाढत गेल्या, एकदाच दिसलेले ठसे कमी होत गेले. त्याच सुमारास अंकलची निवृत्ती ठरली. व्हिसा संपत होता. मी मराठी मंडळाच्या मागे लागून दुबईत, ऊद मेथातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान ठरवलं. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, “कीचेनवाले ग्रीक इतिहास सांगणार? बरं, ठेवू या. स्नॅक्स चांगले ठेवा म्हणजे झालं.” मी पेटले. पत्रक काढलं. ठळक अक्षरांत: ‘जवळजवळ सर्व ठसे सापडले! नाण्यांची एकूण संख्या प्रथमच जाहीर!’ खाली संख्याही छापली.

अंकलनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. “एकूण संख्या कुठून आली?”

“ठसे गुणिले एका ठशाची नाणी. पुस्तकात असतं.”

“माझी एक डाय वर्षभर चालली. तिचीच जुळी बहीण, तेच पोलाद, पहिल्या दिवशी जेवणानंतर फुटली. एका डायवर किती मारली ते डाय सांगत नाही. नि तू सांगतेस?”

मग त्यांनी पुठ्ठे मागवले आणि भिंग लावून माझ्या जोड्या एकेक तपासल्या. चौथ्या जोडीवर थांबले. “बाय, चेहरा बघितलास. कड बघितलीस?”

चेहरा ठशाचा असतो, तो सगळ्या भावंडांचा सारखा. कड मात्र ज्या त्या नाण्याची. हातोड्याखाली सोनं प्रत्येक वेळी वेगळंच पसरतं. माझ्या जोडीतल्या दोन्ही नाण्यांच्या कडेला एकाच जागी एकच चीर होती. ती दोन नाणी नव्हतीच. एकच नाणं दोनदा विकलं गेलं होतं, एकदा मळकं, एकदा घासून, उजेड दुसऱ्या बाजूनं. मी त्याला दोनदा मोजलं होतं. अशा आणखी जोड्या निघाल्या. म्हणजे एकदाच दिसलेले ठसे पुष्कळ होते, आणि आम्ही अजून दारातच होतो.

“आपल्याला जे हवं असतं, ते दोनदा दिसतं,” अंकल एवढंच म्हणाले.

व्याख्यान दोन दिवसांवर. या देशात त्यांना लोक ऐकणार होते ती ही एकच वेळ. मी रडकुंडीला आले. “अंकल, हॉलमध्ये कुणाला कळणार आहे? उलट हे सांगितलंत तर ते सेक्रेटरी हसतील.”

“हसू दे. स्नॅक्स आहेत ना?”

“मग नवीन पत्रक छापते.”

“नको. हेच दे.”

रविवारी ते हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला बॉलपेन. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्रक देण्याआधी त्या ठळक ओळीवरून आणि संख्येवरून एक सरळ रेघ. मी घाईघाईनं गिरगोटून खोडायला लागले, तर हात धरला. “असं नाही. वाचता येईल असं खोडायचं. काय चुकलं ते लोकांना दिसायला पाहिजे.”

सेक्रेटरींनी पत्रक उलटसुलट पाहिलं. “काय तुस्कानो, व्याख्यानाआधीच खलास?”

“चूक खलास, सर. व्याख्यान बाकी आहे. बसा.”

आणि काय बोलले! माझी चूक त्यांनी ‘आमची चूक’ म्हणून पडद्यावर दाखवली, ती चीर मोठी करून. फळ्यावर त्यांनी सापडलेल्या ठशांचा आकडा लिहिला आणि पुढे लांबलचक मोकळी जागा सोडली. मागून बांधकामाच्या साइटवर काम करणारा एक रत्नागिरीकर उठला, “पण काका, नक्की किती?”

अंकलनी खडू आकड्याखाली टेकवला. “नक्की एवढंच, की याच्याहून कमी नाही. वर कितीही जाऊ दे. याच्याखाली मला कुणी खेचून दाखवावं.”

टाळ्या त्या रत्नागिरीकरानं सुरू केल्या. दुसरे हात सेक्रेटरींचे. मी मोजत होते.

अंकल वसईला परतले. पुठ्ठे माझ्याकडे आहेत. मी नवीन जोडी पाठवली की व्हॉइस मेसेज येतो, मागे कोंबडा आरवत असतो: “कड बघितलीस?” पत्रकं मी अजूनही लिहिते, आणि पहिल्यापेक्षा जास्त जोरात लिहिते, कारण आता माझ्या आकड्याखाली मला कुणी खेचू शकत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. सुरुवातीला आठवलेला तो आकडा आज पुन्हा काढा. त्यातलं काय मोजलं आणि काय नुसतं हवं होतं, ते तपासा. चुकला असेल तर पुसू नका. वाचता येईल असा खोडा, आणि ज्यांना ज्यांना दिला होतात, त्यांच्याच हातात नेऊन द्या.