बंदुकीच्या दस्त्याचं माप

आमच्या नेमबाजी क्लबात सामानाच्या काउंटरवर बसणारा माणूस एक डॉलरसुद्धा कमी करायला तयार नव्हता. मला हवी होती बंदुकीच्या दस्त्यावर चढवायची रबरी गादी. बार उडाला की बंदूक मागे धक्का मारते, तो खांद्याला कमी लागावा म्हणून ती असते.

"आंटी, फिक्स्ड प्राइस लाह," तो म्हणाला. इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेपटीला असा 'लाह' लागतोच.

"दोन घेतल्या तर?"

"खांदे दोन, पण बंदूक एकाच खांद्यावर धरतात ना?" तो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

मी गादी उलटीपालटी करून पाहिली. आत रबराचा तुकडा, वर कापड, कडेला धावदोरा घातल्यासारखी ढिली शिवण. सेरंगून या इथल्या भारतीय वस्तीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. एका भाड्याच्या खोलीत साड्यांना फॉल लावत सुरुवात केली, आता तीन मशीन आहेत. असल्या शिवणीचे पैसे मी मागितले असते तर गिऱ्हाइकांनी मला दुकानात येऊन धुतलं असतं. गादी काउंटरवर आपटली आणि म्हणाले, "याहून चांगली मी शिवते."

बोलून बसले खरी. पण तीन आठवड्यांनी गावाहून माझा मोठा भाऊ, दादा, येणार होता आणि त्याच्यासमोर मला बंदूक चालवून दाखवायची होती.

आमचं गाव राधानगरीच्या बाजूला. रानडुकरं पिकात शिरायची म्हणून आबांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे, परवान्याची बंदूक होती. दादा चौदा वर्षांचा झाला तेव्हा आबांनी त्याला ती चालवायला शिकवलं. मी दहा वर्षांची. मलाही शिकायचंय म्हटलं, तर दादा म्हणाला, "बारके, तुझा खांदा निखळंल. मग लग्नात हार कुठल्या हातानं घालशील?" आबा हसले, गडी हसले, शेजारचे काकाही हसले. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते हसणं मी अजून कुणालाच माफ केलेलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर क्लबात नाव घातलं ते त्याच रागाने. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, एका फेरीत पंचवीस. तबकडी फुटली की काळा धुरळा उडतो आणि मला अजूनही टाळ्या पिटाव्याशा वाटतात. पण दुसऱ्याच महिन्यात उजवा खांदा वांग्यासारखा जांभळा झाला. दहाव्या बारानंतर माझे डोळे आपोआप मिटायला लागले. दादासमोर असे डोळे मिटले असते, तर चाळीस वर्षांपूर्वीचं त्याचं बोलणं खरं ठरलं असतं.

क्लबची बंदूक घरी नेता येत नाही. माझ्या दुकानात बायका मापाचा ब्लाउज ठेवून जातात. इथे माप कुठून आणायचं? आमचे प्रशिक्षक म्हणजे साठीतले चिनी गृहस्थ. त्यांना म्हटलं, रिकामी बंदूक टेबलावर धरा. दस्त्याखाली वर्तमानपत्र घातलं आणि खडूने कड आखून घेतली.

"हिला ब्लाउज शिवणार?" त्यांनी विचारलं.

"अस्तरासकट," मी म्हटलं.

पहिली गादी फारच देखणी झाली. ब्लाउजच्या खांद्यात घालतात तो फोम, वर शेरवानीतून उरलेलं मोतिया साटीन. पहिल्याच बाराला ती टोपीसारखी फिरून बाजूला गेली आणि दस्त्याची कड नेमकी जुन्या जांभळ्या डागावर बसली.

"फॅशन व्हेरी गुड," प्रशिक्षक म्हणाले. "शूटिंग कॅनॉट."

घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. त्याचा दोष एवढाच, की तो म्हणाला, "विकत घेऊन टाक ना." ओरडता ओरडताच चूक सापडली. तीस वर्षांच्या सवयीने मी दस्त्यालाही थोडी सैल जागा सोडली होती. गिऱ्हाईक श्वास घेतं, पोटभर जेवतं, म्हणून आम्ही जागा सोडतो. बंदूक जेवत नाही! तिला कापड कातडीसारखं घट्ट बसायला हवं. आणि साटीन? घसरण्यासाठीच जन्मलेलं कापड ते.

मग नवऱ्याच्या बाथरूममधल्या जाड रबरी चपला कापल्या. दोन्ही तळ एकावर एक चिकटवले. गादी दणकट झाली, पण बंदूक एवढी लांब झाली की गाल दस्त्याला टेकेना, आणि सगळे बार तबकडीच्या वरून गेले. एक तळ काढून टाकला. उरलेल्याला पंचने भोकं पाडली, म्हणजे रबर दबायला जागा मिळाली. वर जुन्या पर्सचं चामडं, खरखरीत बाजू बाहेर, आणि मागे रुंद इलॅस्टिक.

प्रशिक्षकांनी ती ओढून, पिळून, उलटी करून पाहिली. मग गादी चढवलेली बंदूक माझ्या हातात दिली. बार उडाला. कुणीतरी खांद्यावर थाप मारून "शाब्बास" म्हणावं, तेवढाच धक्का. मी जोरात हसले. पुढच्या तबकडीलाही हसतच होते, म्हणून ती चुकली.

घरी नवरा ओल्या पायांनी बाथरूमच्या दारात उभा राहून चपला शोधत होता. त्याला काही सांगितलं नाही.

दादा आला. पाहुण्यांना पासपोर्ट दाखवून, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली दहा बार मारता येतात. त्याने गादी चिमटीत धरली.

"ही काय उशी? झोपायचंय का हितं?"

"नको तर राहू दे."

आधी माझी फेरी झाली. पंचवीसच्या पंचवीस बार मारले, डोळे उघडे ठेवून. चौदा तबकड्या फुटल्या. मग दादा उभा राहिला, बिनागादीचा, छाती काढून. तिसऱ्या बारानंतर हात झटकला. पाचव्यानंतर बंदूक ठेवून खांदा गोल फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती उशी दे जरा."

"विकत घ्यावी लागेल."

"बोल, किती?"

"पैसे नकोत. आईला व्हिडिओ कॉल लावायचा आणि सांगायचं, बारकीचा खांदा निखळला नाही."

"तुला सांगतो की. आईला कशाला मधी?"

"फिक्स्ड प्राइस लाह," मी म्हटलं. प्रशिक्षकांना तेवढं मात्र कळलं. ते तोंड फिरवून हसले.

दादाने कॉल लावला. आई अंगणात शेंगा फोडत होती. त्याने घसा साफ केला. "आई, बारकीनं पंचवीस बार मारले. खांदा निखळला न्हाई तिचा."

"निखळंल कसा?" आई म्हणाली. "भाताची पोती तीच उचलायची की. तू नुसती बंदूक घिऊन हिंडायचास."

दादा आधी लाल झाला, मग असा हसला की फोन हलायला लागला. मीही हसले. गादी मी स्वतः बंदुकीवर घट्ट चढवून दिली. उरलेल्या पाच बारांत त्याने तीन तबकड्या फोडल्या, आणि जाताना गादी सामानात भरून नेली.

मला दुसरी करावी लागली. काढून टाकलेला दुसऱ्या चपलेचा तळ होताच.