कवेलूवरचा थेंब

माह्या भावाच्या मयतात मी त्याच्या तळपायाले चिमटा घेतला.

जोरात.

बाया पाहून राह्यल्या होत्या. पाहू द्या. वसंतासारखा भाऊ जिले असंल, तिनंच मले नावं ठेवावी.

आज त्याले जाऊन वर्ष झालं. तवा मी काई बोलली नाई. आज लिहून राह्यली.

या माणसानं जन्मभर लोकाले फसवायचा धंदा केला. गणपतीचे देखावे, दुर्गेचे देखावे. तो त्याले स्पेशल इफेक्ट म्हणे. मी लबाडी म्हणायची.

लहानपणी एकदा बीटाचा रस कपाळाले लावून ओसरीत पडला. माय छाती बडवत आली. हा उठून म्हणते, "कॅमेऱ्यात अजून चांगलं दिसते."

घरात कॅमेरा नव्हता.

हे खूळ लागलं यात्रेतल्या टुरिंग टाकीजमधून. तंबूत एक जपानी पिक्चर आला होता. डोंगराएवढं जनावर अख्खं शहर तुडवते. पब्लिक वरडून राह्यली, अन् हा माह्या कानात,

"सुमे, खोटं हाय. शहर गुडघ्याएवढं हाय. जनावराच्या आत माणूस हाय, रबराचा अंगरखा घालून."

"तुले काय माईत?"

"पाणी पाह्य. सगळं लहान करता येते, पाणी नाई. थेंब तेवढाच राह्यते. चोर तिथंच सापडते."

तवापासून आमचा खेळच झाला. तो काईबी बनवे, अन् मले म्हणे, "पकड." मी पकडायची. माह्यासारखी संशयी बाई त्याले सापडली नसती.

मोबाईल आल्यावर त्यानं तो जपानी पिक्चर बनवणाऱ्या म्हाताऱ्याचं सगळं शोधून काढलं. विमानं तारेले टांगायचा. मनोरा पाडताना कॅमेऱ्यातली रीळ जोरात पळवायचा, मंग पडद्यावर तो हळूहळू पडते, खऱ्यासारखा भारी होऊन. देखाव्यात पाणी घ्याले तो म्हातारा बी भ्याचा म्हणे, माह्या भावासारखाच.

भावानं त्याचा फोटो छापून आणला अन् थेट देव्हाऱ्यात ठेवला.

माही सासू एकदा त्याच्याकडं आली तं विचारते, "हे कोणाकडचे सोयरे?"

"जपानकडचे," भाऊ म्हणे.

मले त्या म्हाताऱ्यावर बी भरोसा नव्हता. माह्या भावाले त्यानंच नादी लावलं.

पण कारागीर होता भाऊ. खोटं काऊन बोलू? मेहकरले एकदा त्यानं जळतं गाव केलं होतं, टेबलावर. एक माणूस धावत आला अन् खरी बादली ओतून गेला. सारा देखावा वाहून गेला. दुसरा असता तं रडला असता. हा तीन दिवस हसत होता.

आता खरी गोष्ट.

आमचं डोणगावचं मायबापाचं जुनं घर रस्त्याच्या कामात गेलं. दोन खोल्याचं, वर मातीच्या कवेलूचं छप्पर. भावाचा फोन आला, "बाई, घर पाडलं. तू येऊ नको पाह्याले." मी उंद्रीले सासरी. इथंच बसून रडली.

अन् पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला.

घर उभं.

निळं दार. दारातला लिंब. कवेलूवर पाऊस पडून राह्यला, अन् खिडकीत दिवा.

माह्या तळपायाची आग मस्तकात. लगेच फोन केला.

"घर पाडलं म्हणला होता न बे तू?"

"हाव."

"मंग हे काय हाय? कोणाले देलं? माह्यापासून काऊन लपवलं?"

तो हसला. "नीट पाह्य, बाई."

"मले फसवतं? सख्ख्या बहिणीले?"

"नीट पाह्य न. पकड."

मी फोन कापला. मालक म्हणले, जाऊन पाहून ये एकदा. नाई गेली. गावात कोणाले विचारलं असतं तं दोन मिनिटात समजलं असतं. पण भावाची चोरी गावाले कशाले सांगू?

भाऊबीजेले बी गेली नाई. त्याचा फोन आला, मी उचलला नाई.

मंग वहिनीचा आला.

म्हणून तो चिमटा. मले वाटलं, हे बी त्याचंच काई. आता उठंल अन् म्हणंल, पकड.

पाय थंड होता.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं त्यायच्या घरामागचा टिनाचा शेड उघडला. बाजेवर आमचं घर. माह्या गुडघ्याएवढं. कवेलू मायच्या फुटक्या माठाचे, एक-एक नखाएवढा. लिंब तुळशीच्या वाळल्या काड्याचा. भिंतीले माती त्याच घराची, पाडलं त्या दिवशी पोत्यात भरून आणलेली.

मी निळं दार बोटानं लोटलं. कुरकुरलं बी तसंच.

"तुमी भाऊबीजेले यान, म्हणून झाकून ठेवलं होतं," वहिनी म्हणली.

मी तिथंच व्हिडिओ परत लावला. कवेलूच्या कडेवरून थेंब पडते.

खिडकीएवढा थेंब.

आंधळ्याले दिसला असता. मले दिसला नाई. मी दार पाह्यलं, दिवा पाह्यला, भावाची लबाडी पाह्यली. पाणी पाह्यलं नाई.

अन् सांगा, ज्या माणसानं उभ्या जन्मात देखाव्यात पाणी घेतलं नाई, त्यानं याच्यातच पाऊस काऊन पाडला?

वहिनी म्हणते, "झारी माह्याच हातात होती, बाई. मी म्हटलं, थेंब लय मोठा दिसून राह्यला. तं म्हणे, दिसू दे. सुमीले पकडता आलं पाह्यजे."

आता वहिनी खरं सांगते, का मले बरं वाटावं म्हणून, देव जाणे. मी तिले तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच बोलली.

घर माह्याकडं आणलं हाय. कोणाले हात लावू देत नाई.

थेंब पाह्यला रे भाऊ. उशिरा पाह्यला.

मोठमोठे शब्द मले लिहिता येत नाई. राम राम घे.

चिमटा लागला असंल तं माफ कर.