दाजींचं उपाशी गाणं

माझ्या दाजींइतका भरल्या पोटाचा गरिबीचा गायक पृथ्वीच्या पाठीवर झाला नाही. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आख्ख्या मुळशी खोऱ्याचे लाडके गवई. स्वतः रचलेलं त्यांचं एकच गाणं, 'चूल निजली गं बाई, पोरगं निजंना'. ते सुरू झालं की कोळवणच्या बायका पदर पिळून पुन्हा रडायला बसत. धरण पावसानं भरतं असं सरकार म्हणे; खरं कारण आम्हांला ठाऊक होतं. ताम्हिणीत त्यांनी आवाज लावला की बावधनची कुत्री भुंकायला उठत. पण हा आवाज सुटायला आधी टोपलंभर भाकऱ्या, पातेलंभर आमटी आणि वर भाताचा डोंगर लागे. "रिकाम्या पोटी दुःख वर येत न्हाई, मेव्हणं," असं ते ढेकर देऊन मला समजावत. आक्का भाकरी थापता थापता पुटपुटे, "गाणं ह्यांचं, पीठ माझं!"

एका लग्नात मात्र गाण्याच्या ऐन मध्यावर तो ढेकर निसटला. ढोलकीवाला म्हणाला, "दाजी, उपास लई जड झाला वाटतं!" सगळा मांडव हसला. दाजी लालबुंद झाले. "येत्या जत्रंत उपाशी पोटी गाईन. न्हाई रडवलं, तर गाणं कायमचं सोडलं!"

जत्रेच्या दिवशी ते सकाळपासून नुसत्या पाण्यावर. दुपारपर्यंत माझ्या कानाकडे ते गरम भज्याकडे बघावं तसे बघू लागले. मी मुंडासं कानावर ओढून घेतलं. संध्याकाळी फळ्यांच्या मंचावर चढले, "चूल..." म्हणाले, आणि धपकन खालीच बसले. पुढचे शब्द आठवेनात. लोक खिदळले, ढोलकीवाल्यानं मुद्दाम एक थाप दिली. तेवढ्यात माळावर मेंढरं बसवून आलेली एक म्हातारी धनगरीण गर्दीतून पुढं आली.

"हसताय काय रं? सोंग न्हाई ह्ये, भूक हाय." तिनं पदराची गाठ सोडून भाकरी काढली नि दाजींच्या हातात ठेवली. "खा आदी, बाबा. मग गा."

अर्धी भाकरी एका घासात गेली. मग दाजींना दिसलं, म्हातारी रिकामा पदर कमरेला घट्ट खोचून कुणाकडे तरी तांब्याभर पाणी मागत होती.

"आजी, तू जेवलीस का?"

"जेवीन की उद्या."

दाजींचा घास तोंडातच थांबला. उरलेली अर्धी त्यांनी तिच्या हातात परत दिली, उठले, आणि गायले. कोण कोण रडलं ते मला विचारू नका. ढोलकीचं कातडं भिजून बद्द वाजायला लागलं, एवढंच सांगतो.

त्यानंतर दाजी जातील तिथं आक्काच्या भाकऱ्यांचं टोपलं बरोबर. "जेवलासा का समदी?" असं विचारून, नाही म्हणणाऱ्याच्या हातात तुकडा पडल्याशिवाय ते सूरच लावत नसत. आक्काची पुटपुट तीच राहिली, पीठ तेवढं दुप्पट मळू लागली.

दाजी गेले. त्यांचं गाणं आता पुष्कळजण म्हणतात, चांगलं सुरात म्हणतात. मी घरून जेवून ऐकायला जातो, आणि गाणं सुरू झालं तरी वाट बघत बसतो, आधी कुणी काही विचारतंय का.