रुमालामागचं तोंड

वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढणारा माणूस भेटला की लोक हमखास विचारतात, "रोज नवीन कल्पना सुचते कशी?" मला या प्रश्नाचा मनस्वी कंटाळा आहे. कल्पनेला काय तोटा, रोज कोणी ना कोणी पुढारी दिवे लावतोच. माझी पंचाईत वेगळीच झाली होती. सुरतच्या एका गुजराती दैनिकात, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मी रोज जो माणूस काढायचो, त्याचं तोंडच मला काढता येईना.

तो माणूस म्हणजे माझे आबा. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, वर्षानुवर्षं तोच. आम्ही खानदेशातून आलेले. आबा सुरतेतल्याच भेस्तानला लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारागीर होते. यंत्रांचा खडखडाट असा, की कानाशी ओरडलं तरी फुकट. म्हणून तिथली माणसं नुसत्या ओठांनी बोलत. आवाज न काढता लांबच्या लूमवरल्या माणसाशी गप्पा, चहाड्या, शिव्या, सगळं चाले. आई तिथंच बॉबिन भरायला जायची, तिलाही ते वाचता येई. आबांची ती सवय घरीही सुटली नव्हती. अंगणाच्या टोकाला मी असलो तरी ते हाक मारत नसत. माझ्याकडे बघून ओठ हलवत, आणि माझं लक्ष नसलं तर रागावत.

चित्राखालचा मजकूर संपादक लिहायचे, पण माझ्या माणसाचे ओठ माझ्या ताब्यात होते. मजकूर म्हणे, साहेबांनी शहराचं भलं केलं; ओठ म्हणत, "हट". संपादकांना वाटे, चेहरा मजेशीर जमलाय. चहाच्या हातगाडीवर मात्र कारागीर 'आज काय बोलला' यावर तावातावानं भांडत, आणि आबा काही माहीत नसल्यासारखे बशीत चहा ओतत. तेवढं सुख मला पुढे कुठल्या बक्षिसानंही दिलं नाही.

मग प्लेगचं साल आलं. जो तो तोंडाला रुमाल बांधून गाव गाठू लागला, आणि नेमके तेव्हाच आबा तापानं पडले. तो ताप प्लेगचा नव्हता, हे नंतर कळलं. दवाखान्यात मला वॉर्डच्या दाराशीच अडवलं. पार पलीकडे, खिडकीजवळच्या खाटेवर आबा होते, त्यांच्याही तोंडाला रुमाल. त्यांनी मला पाहिलं आणि सवयीनं बोलू लागले, आवाज न काढता. तोंड झाकलेलं आहे हे ते विसरले होते. मला दिसत होता तो फक्त हलणारा रुमाल. मी हातानं खूण करत होतो, रुमाल काढा, रुमाल काढा. त्यांना वाटलं, मला कळतंय. ते मान डोलावून आणखी बोलले. मग नर्सबाई मध्ये आल्या आणि मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी आबा गेले.

त्या दिवसांत चित्रातल्या माणसालाही रुमाल असणं साहजिक होतं. पण शहर धुऊनपुसून लख्ख झालं, रस्ते रुंद झाले, तरी माझ्या माणसाचा रुमाल सुटेना. पेन्सिल टेकवली की ओठांच्या जागी कापडच उमटे. सुरतेत कापडाची काय वाण! दोरीवर वाळत घातलेला टॉवेल हलला, दुकानापुढं टांगलेली साडी हलली, की मी भर रस्त्यात थांबून काय म्हणतेय ते बघत राही. मला त्याची भीती वाटायची. नाही बघितलं तर कोणी रागावेल, याची जास्त.

शेवटी संपादकांनी बोलावलं. "हवे रुमाल काढो, भाई. लोको प्लेग भूली गया. नहीं तो आ माणसने रजा आपी दो."

लोक प्लेग विसरले म्हणून रुमाल उतरवायचा, नाही तर आबांना रजा द्यायची? मी तसाच घरी आलो. चेहरे काढणारे आम्ही लोक टेबलावर आरसा ठेवतो. हवा तो भाव स्वतःच्या तोंडावर आणायचा आणि उतरवून घ्यायचा. आबांसाठी मला कधी आरसा लागला नव्हता. त्या दुपारी लागला. कपाळ, डोळे, मिशी आठवणीतून काढली आणि ओठ आरशात बघून.

चित्र छापून आलं. आईला गुजराती वाचता येत नसे, पण तो कोपरा ती रोज बघायची. बऱ्याच महिन्यांनी तिला तोंड दिसलं. पेपर उजेडाकडे धरून ती बराच वेळ बघत राहिली.

"हाई त्यासनं तोंड नई," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "हाई तुनं शे. कोनले हाका मारी ऱ्हायना तू?"

मी तिच्याकडे बघून नुसते ओठ हलवले, दोनच अक्षरं. तिनं ते वाचलं, आणि पेपर घडी करून मांडीवर ठेवला.