खाली बघा, वर माणूस हाय

चालता चालता कप्तान एकदम कंबरेत वाकायचे. समोरून ट्रक येवो, वरात येवो, नाहीतर मंत्र्याची गाडी येवो. ते वाकायचे, रस्त्यावरचं काहीतरी उचलायचे, बोटांत फिरवून बघायचे आणि खिशात टाकायचे. कुणी हॉर्न मारलाच तर त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "खाली बघा, वर माणूस हाय."

तुम्ही लातूरला आमच्या भागात कधी आला असाल, तर त्यांना पाहिलंही असेल आणि भंगार वेचणारा म्हातारा समजून पुढे गेला असाल. त्यात तुमची काही चूक नाही, इथे जन्मलेलेही तेच समजायचे. खिळे, नट, वॉशर, तारेचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, टोकदार खडे, सगळं खिशात. त्या खिशांत इतकं लोखंड असायचं की रेणापूरची एसटी त्यांना चढवून घेतल्यावर त्यांच्या बाजूला कलायची. आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्यांचा धंदा त्यांनी असा बुडवला की दोघांनी दुकानं विकून भजनी मंडळ काढलं. आता मी हॉटेलवाला माणूस. नुसता चहा गिऱ्हाईकाच्या घशाखाली उतरत नाही, बरोबर थोडं तोंडी लावायला द्यावं लागतं.

कप्तान हे नावही आम्हीच ठेवलेलं, चिडवायला. ते नौदलात होते, लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये, पण विमान उडवायला नव्हे. विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानं ओढायची, साखळ्यांनी बांधायची, सोडायची, हे त्यांचं काम. ज्या लातूरला प्यायचं पाणी एकेकाळी रेल्वेनं आलं, तिथला माणूस समुद्रावर आयुष्य काढून आला, हेच लोकांना पटायचं नाही.

"काय कप्तान, आज भरती का ओहोटी?" असं कुणी विचारलं की ते शांतपणे बशीत चहा ओतत. "मांजरा नदीला का भरती येतीय? तुमचंच बगा."

माझ्या हॉटेलात बसून त्यांनी आपल्या स्क्वाड्रनचा इतिहास किती वेळा सांगितला असेल याची मोजदाद नाही. त्यांच्या आधीच्या पिढीची विमानं कशी होती, डेकवरून गोफणीतल्या दगडासारखी कशी फेकावी लागत, परत आली की शेपटीच्या आकड्यानं तारेत कशी अडकवावी लागत. मग त्यांच्या वेळची विमानं आली. ती जागेवरून उभी वर उठत आणि उभीच खाली उतरत.

इथे अख्खं हॉटेल हसून फुटायचं. विमान धावल्याशिवाय उडतं? एकानं तर विचारलं, म्हणजे पतंगासारखं का? कप्तान माझ्या कढईकडे बोट दाखवत. "भजं वर येतंय का न्हाई तेलातून? तसं."

आता गंमत बघा. मी याच लोकांना सांगितलं होतं की निजामाची मोटार आमच्या गावाजवळ चिखलात रुतली तेव्हा माझ्या आजोबांनी ती एका हातानं काढली, दुसऱ्या हातात बैलाची वेसण होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. आजही आजोबांचं नाव आदरानं घेतात. आणि हा माणूस आयुष्यभराचं खरं सांगत होता, तर लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते. आमच्या गावाला खऱ्याची चव लागत नाही. त्याला मीठ कमी पडतं.

वाकण्याचं कारणही त्या इतिहासातच होतं. रोज सकाळी, पहिलं विमान हलायच्या आधी, सगळे डेकवर येत. अधिकारी, फिटर, स्वयंपाकी, झाडून सगळे. खांद्याला खांदा लावून एक रांग करायची आणि मान खाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. दिसेल ते उचलायचं. विमानाचं इंजिन समोरची हवा ओढतं आणि हवेबरोबर जे असेल ते गिळतं. एक छोटा बोल्ट आत गेला की इंजिन आतून फुटतं आणि वर गेलेला माणूस खाली येतो. त्या रांगेत कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. वाकायचं सगळ्यांनी. नोकरी संपली, रांग संपली, पण यांची मान काही वर झाली नाही.

या रांगेत त्यांच्या उजव्या हाताला नेहमी दस्तगीर असायचा. धर्माबादचा. बाप मिरचीच्या बाजारात पोती शिवायचा. दोघं एकाच खेपेला भरती झाले, समुद्रही दोघांनी एकदमच पहिल्यांदा बघितला. दस्तगीर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढं पानी हाय, आन् आपली माय हंडा घेऊन रांगंत." कप्तान हे सांगताना हसत. पुढचं सांगताना हसले नाहीत, आणि पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं.

भर दुपार होती. एक विमान सुटायच्या बेतात, इंजिन चालू. सकाळची चाल झालेली, डेक स्वच्छ. तरी दस्तगीरला विमानाच्या पुढे एक बोल्ट दिसला. कुठून आला देव जाणे. तो वाकत वाकत गेला, उचलला, मूठ वर करून कप्तानांना दाखवला. त्याच वेळी शेजारचं दुसरं विमान वळलं आणि त्याच्या मागचा झोत दस्तगीरवर आला. त्या झोतापुढे माणूस म्हणजे कागद. डेकची कड जवळ होती.

"बोल्ट तेच्या मुठीतच व्हता," कप्तान म्हणाले. "विमान गेलं, फिरून आलं. पायलट उतरला तवा तेला कळलं."

शोधाशोध झाली. दस्तगीर सापडला नाही. स्क्वाड्रनच्या इमारतीत इतिहासाचा मोठा फलक होता. कोणतं विमान कधी पडलं, कोण गेला, सगळं त्यावर. दस्तगीर त्यावर आला नाही, कारण विमान पडलंच नव्हतं.

"पडलेल्या विमानाचा इतिहास लिहितेत," कप्तान म्हणाले, "न पडलेल्याचा कोण लिहितंय?"

मग एके दिवशी आमच्या वॉर्डाच्या भाऊंनी जाहीर केलं की आपल्या चौकात विमान येणार. भाऊ म्हणजे आमचे नगरसेवक. चौकात काहीतरी उभं केल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. याआधी कारंजं उभं केलं होतं, त्यात पाणी नव्हतं. आता सेवेतून काढलेलं लढाऊ विमान, इंजिन काढून, रंग देऊन, खांबावर चढवायचं. आणि ते निघालं नेमकं कप्तानांच्याच स्क्वाड्रनचं. ट्रेलरवरून ते चौकात आलं तेव्हा कप्तान त्याच्या नाकाशी उभे राहिले आणि पहिल्यांदा मी त्यांना खाली न बघता उभं राहिलेलं पाहिलं.

भाऊंनी त्यांना बोलावून खुर्ची दिली. आता कप्तान एकदम गावाचे सुपुत्र झाले होते. उद्घाटनाच्या शिळेवर स्क्वाड्रनचा थोडक्यात इतिहास कोरायचा होता, तो त्यांनी सांगितला. बदल्यात एकच गोष्ट मागितली. इतिहासाच्या शेवटी दस्तगीरचं नाव. एक ओळ.

"हाव काका, टाकू की," भाऊ म्हणाले. माझ्या देखत म्हणाले, माझाच चहा पीत म्हणाले.

कप्तानांनी धर्माबादला निरोप पाठवला. उद्घाटनाच्या दिवशी दस्तगीरची बहीण आली, मुदखेडला गाडी बदलून. म्हातारी, काळा बुरखा, हातात डब्यात मिरचीचं लोणचं. कप्तानांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि खिसे रिकामे होते. पडदा सरकला, टाळ्या झाल्या.

शिळा तुम्ही येऊन बघा. अजून आहे. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती, निमंत्रक, संयोजक. क्रेन ज्यानं आणली त्याच्या मेव्हण्याचंही नाव आहे, हे मी तिखटमीठ न लावता सांगतो. स्क्वाड्रनचा इतिहास खाली दोन ओळींत आटपलाय, मुंग्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरात. दस्तगीर नाही.

बहिणीनं बोट ठेवून शिळा वरून खाली बघितली. तिला मराठी वाचता येत होतं. "भाई, नाम किधर है?"

कप्तान भाऊंकडे गेले. हारतुऱ्यांतून भाऊंनी त्यांना बाजूला घेतलं. जागाच उरली नाही, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं नाव घालू म्हणा, काका, त्याला कोण न्हाई म्हणंल? पण लोक इचारतेल ना, ह्यो दस्तगीर कोण म्हून."

"म्हून तर नाव पायजे," कप्तान म्हणाले.

भाऊंना तेवढ्यात फोटोसाठी हाक आली.

कप्तान बहिणीला माझ्या हॉटेलात घेऊन आले. मी चहा ठेवला. मग तिनं खिडकीतून खांबावरच्या विमानाकडे बघितलं आणि विचारलं, "यहीच था क्या, भाई? जो बच गया?"

कप्तानांनी मान वर केली. "हाव," ते म्हणाले. "ह्योच."

मी खोट्यातला जाणकार माणूस आहे. कुणी कितीही सफाईनं थाप मारली तरी मला दहा हातांवरून वास येतो. कप्तानांनी उभ्या आयुष्यात एकच थाप मारली, आणि ती माझ्यासमोर मारली. दस्तगीरनं वाचवलेल्या त्या विमानाचं पुढे काय झालं हे त्यांनी मला आधीच सांगितलेलं होतं. ते कधीच मोडीत निघालं होतं. म्हातारीनं मात्र बुरख्याच्या टोकानं डोळे टिपले आणि तिथूनच विमानाला सलाम केला. जाताना लोणच्याचा डबा त्यांच्यासाठी ठेवून गेली.

त्या दिवसापासून हॉटेलात इतिहास बंद झाला. लोकांनी भरती-ओहोटी विचारली तरी ते चहा पिऊन उठत. रोज सकाळी विमानाखाली जाऊन, मान खाली घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटेच चालत. गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे खिळे. वर माणूस नव्हता, इंजिनही नव्हतं. तरी चालत.

पुढे निवडणूक लागली. आचारसंहिता आली की पुढाऱ्यांची नावं झाकतात, तसा महापालिकेच्या माणसांनी त्या शिळेवरही पांढरा कागद डकवला. उद्घाटक, अध्यक्ष, मेव्हणा, सगळे एका खळीत. त्या दिवशी कप्तान हॉटेलात आले, भट्टीजवळ गेले आणि विझलेल्या कोळशांतला एक हातात फिरवून बघितला. मी म्हटलं, "काका, आता कोळसेबी येचायलाव का?" त्यांनी कोळसा खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी कागदावर मोठ्या अक्षरांत नाव होतं. दस्तगीर, राहणार धर्माबाद.

चौकात काय धमाल उडाली म्हणता. निवडणुकीचं पथक जीपमधून आलं. पंचनामा झाला. दस्तगीर कोणत्या प्रभागातून उभा आहे, अपक्ष आहे का, चिन्ह काय, याची विचारपूस सुरू झाली. दोन उमेदवारांनी तर मतं खाणार म्हणून तक्रारही केली. शेवटी बोटं काळी असलेल्या कप्तानांना साहेबांसमोर उभं केलं.

"हा दस्तगीर कुठं आहे?"

"समुद्रात हाय, साहेब."

साहेबांनी त्यांच्या वयाकडे बघून समज देऊन सोडलं. नवा कागद लावला. कप्तानांनी पुन्हा लिहिलं. आणखी कागद लावला, पुन्हा लिहिलं. मग पथकाचा कागद संपला की उत्साह संपला ते माहीत नाही, पण मतमोजणी होईपर्यंत ते नाव चौकात राहिलं. येणारे-जाणारे वाचत. एक-दोघांनी माझ्याकडे चौकशीही केली, कोण हा दस्तगीर. मी सांगितलं, आणि त्यात मीठ टाकलं नाही. त्यांनी ऐकलं आणि भज्याची ऑर्डर दिली.

निकाल लागला, भाऊंची माणसं गुलाल लावून आली आणि त्यांनी कागद टराटरा फाडला. शिळा ओल्या फडक्यानं पुसून काढली. मेव्हण्याचं नाव पुन्हा चमकायला लागलं.

कप्तान त्याच पावसाळ्यात गेले. रेणापूरच्या बाजूला त्यांच्या गावी नेलं. भाऊंनी फ्लेक्स लावला; त्यात कप्तानांचा फोटो कोपऱ्यात आणि भाऊंचा मध्ये. फ्लेक्स बांधताना सांडलेले खिळे तसेच रस्त्यात पडून राहिले, आणि चौकात पुन्हा पंक्चरचं एक दुकान निघालं. चांगलं चालतंय.

मागच्या आठवड्यात पुन्हा आचारसंहिता लागली. शिळेवर पांढरा कागद आलाय, कडक, स्वच्छ, चारही कोपरे नीट चिकटवलेले. माझ्या गल्ल्यावरून सरळ दिसतो. भट्टीत कोळसा आहे. कागद अजून कोरा आहे.